माशांचा उन्हाळा

आमच्या घरी काचेची पेटी आली ती मुलीपायी. दहावीत चांगले गुण मिळाले तर काय घेऊन देऊ, असे आम्ही विचारून बसलो होतो. तिने मासे मागितले. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटी आणि तीत चार गोल्डफिश. एवढ्याशा पाण्यात चौघांची गर्दी होते, हे दुकानदाराने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल वाचकांना वेगळे सांगायला नको. मे महिन्यात पारा 45 वर जातो, त्यात आमच्या पुढच्या खोलीवर टिनाचे छत. पेटी नेमकी पश्चिमेच्या भिंतीला. एका शनिवारी दुपारी पाहतो तो चारही मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करीत होते. सौ.ला वाटले भूक लागली, म्हणून तिने चिमूटभर दाणे टाकले. आम्ही त्याहून शहाणे! फ्रीजमधला बर्फाचा ट्रे सरळ पेटीत पालथा केला. संध्याकाळी एक मासा आडवा झाला. मुलगी काही बोलली नाही, रात्री जेवलीही नाही. रागावली असती तर बरे वाटले असते.

मग आम्ही चौकशी केली. पाणी जेवढे तापते तेवढा त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांवर लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम असतो, 30 वर साडेसातच राहतो. उलट गरम पाण्यात माशाला तो जास्त लागतो. म्हणजे मासे भुकेने नव्हे, गुदमरून वर आले होते. टाकलेले दाणे कुजून पाणी आणखी बिघडते. आणि गोल्डफिश जरी थंड पाण्याचा मासा असला तरी बर्फाने पाणी एकाएकी उतरले की तो धक्का त्याला सोसत नाही.

उपाय माठातलाच निघाला. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. आम्ही कारकून माणूस, हिशेब मांडून पाहिला: एक लिटर पाणी उडाले तर उरलेले पन्नास लिटर अकरा अंशांनी उतरायला हवे. बाहेरून ऊब आत येतच राहते, म्हणून प्रत्यक्षात तीन-चार अंश पदरात पडतात, तेवढे पुरते. पेटीचे झाकण काढले, मासा उडी मारू नये म्हणून मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि टेबलफॅनचा वारा पाण्यावरून जाईल असा ठेवला. पेटीतला दिवा दुपारी बंद. भरलेली पेटी उचलली तर काचेचे सांधे सुटतात, म्हणून आधी बरेचसे पाणी काढून मगच ती आतल्या भिंतीला नेली.

पण घरात टेबलफॅन एकच, आणि तो आईच्या खाटेजवळचा. आई म्हणाली, "मासोळ्यांले हवा पायजे, अन् मले नाही काय?" तिचे काय चुकले? सत्तरी ओलांडलेली बाई, टिनाखाली दुपार काढते. मुलगी मान खाली घालून पंखा परत ठेवू लागली. शेवटी आम्ही आईची खाटच पेटीशेजारी ओढली. पंखा असा वळवला की वारा पाण्यावरून खाटेवर जावा. बऱ्याच दिवसांनी घरात तो एक प्रश्न न भांडता सुटला.

बाकी बारीकसारीक कामे मुलीने घेतली. उडालेल्या पाण्याऐवजी नळाचे पाणी लगेच ओतत नाही. त्यातले क्लोरीन जावे म्हणून बादलीत एक दिवस उघडे ठेवते. दाणे एकदाच, तेही सकाळी. वीज गेली की हवेचा पंपही बंद पडतो, तेव्हा मगाने पाणी काढून वरून धार धरायची, म्हणजे हवा मिसळते. अगदीच तापले तर पाणी भरून गोठवलेली बंद बाटली थोडा वेळ तरंगत ठेवायची, सावकाश.

उरलेले तिन्ही मासे पावसाळ्यापर्यंत राहिले. काचेवर आम्ही थर्मामीटर चिकटवला आहे. आईला आकडे दिसत नाहीत. दुपार झाली की ती नातीला हाक मारते, "पाय बरं, आज किती झालं?"