हाजिर असून गैरहजर

१९८२ च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात काहींनी कोकचं मशीन नेटवर्कला जोडलं. मशीनपर्यंत चालत जायचं आणि बाटल्या संपलेल्या नाहीतर गरम निघायच्या, एवढाच त्यांचा त्रास. ज्यांना तहान लागायची, त्यांनीच ते जोडलं.

आपल्याकडे कॉलेजात इंटरनेटला जोडलेली पहिली वस्तू येते ती बहुधा हजेरीची. यंत्रावर बोट ठेवायचं, नोंद थेट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. वैद्यकीय महाविद्यालयांत तर २०२५ पासून अध्यापकांची हजेरी चेहऱ्यावरून घेतात.

बी.एड.ची मुलं-मुली आमच्या शाळेत पाठ घ्यायला येतात. त्यांतली एक मालेगावची. घरी पॉवरलूम, लहानपणापासून कांड्या भरलेल्या, भांडी-धुणं वेगळंच. बोटं गुळगुळीत झालेली. एकदा म्हणाली, “सर, मशीन मला ओळखतच नाही. रोज दहा-दहा वेळा बोट पुसते, मागे रांग थांबते, सगळे बघतात. मग मी निघूनच येते वर्गात.” म्हणजे वर्गात बसलेली आणि कागदावर गैरहजर! उर्दूत हाजिरी, मराठीत हजेरी, शब्द एकच. समोर असणं हाच त्याचा अर्थ.

बी.एड.ला तासिकांसाठी ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपसाठी ९० टक्के उपस्थिती लागते. ती भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म अडकतो. तिच्या घरात ती पहिलीच पदवीधर. वर्ष गेलं तर अब्बा पुन्हा फी भरतील की निकाहाचं बघतील, हे तिला विचारायची मला हिंमत झाली नाही.

यंत्राला माझा विरोध नाही. खोट्या सह्यांवर चाललेली बी.एड. कॉलेजं मी पाहिली आहेत, ‘नॉन-अटेंडिंग’ या गोंडस नावाने. तिथे यंत्र हवंच. पण सेन्सर आणि वायफायची चिप आता काहीशे रुपयांत मिळते. त्याच कॉलेजात मुलींच्या स्वच्छतागृहाची टाकी दुपारी रिकामी होते आणि ते कुणाला कळत नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी ऑफिसला कळवणारं यंत्र विज्ञान शाखेची दोन मुलं आठवड्यात जोडून देतील. ते कुणी मागितलं नाही, कारण यंत्र काय घ्यायचं हे ठरवणाऱ्यांना ते स्वच्छतागृह वापरावं लागत नाही. आणि वीज गेली, नेट गेलं की काय करायचं, हे तर खरेदीच्या वेळी कुणी विचारलेलंही दिसत नाही.

मी तिला लेखी अर्ज करायला सांगितलं. मराठीत, तारखांसकट, वर्गातल्या चार मैत्रिणींच्या सह्या साक्षीला. प्राचार्य भले निघाले. ठसा उमटत नसेल त्यांच्यासाठी वही ठेवा, म्हणाले. नंतर कळलं, अशा मुली सहा होत्या. बाकीच्या पाच जणी बोललेल्याच नव्हत्या.

वही आता शिपायाच्या कपाटात असते. कुलूप लावलेलं. रोज सकाळी मागून घ्यावी लागते.