एक पिस्तूल घेणे आहे

बावीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर माणसाला आपलेही थोडे उधळावेत असं वाटू लागतं. आमच्या शाखेतल्या कॅशियरनं कबुतरं पाळली. कर्ज विभागातल्या एकानं बासरी आणली आणि शेजाऱ्यांनी घरं बदलली. मला जुनं लष्करी पिस्तूल घ्यावंसं वाटलं. झाडायला नव्हे, भिंतीवर टांगायला.

"भिंतीवर आधी तो घड्याळाचा खिळा ठोका," बायको म्हणाली. "चैत्रापासून सांगायलेय."

आता हे खूळ कुठून आलं, तर त्याला नांदेड जबाबदार आहे. ज्या गावात गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं जपून ठेवलेली आहेत आणि संध्याकाळी भाविकांना त्यांचं दर्शन घडतं, त्या गावात वाढलेल्या पोराला स्वप्नात पेन्सिली पडत नाहीत. गुरुद्वाराच्या बाजूच्या दुकानांतल्या कृपाणी बघत आम्ही शाळेला उशिरा पोचायचो आणि तिथं निराळ्याच शस्त्राचा प्रसाद खायचो.

दुसरं कारण माझे वडील. १९४८ साली ते आठ वर्षांचे होते. रझाकारांच्या भीतीनं आमचं घर एका रात्री बैलगाडीत बसलं आणि निजामाची हद्द ओलांडून बार्शीला गेलं. ही गोष्ट वडील दर सतरा सप्टेंबरला सांगतात आणि शेवट नेहमी एकच असतो. "आपल्या घरात हत्यार म्हणजे एक विळी. ती बी तुझी आजी गडबडीत इसरली." आमच्या घराण्याच्या शस्त्रागाराचा हा संपूर्ण इतिहास. त्यात एखादी नोंद वाढवावी असं मला फार दिवस वाटत होतं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. खरेदीआधी चौकशी करायची हे अंगवळणी पडलेलं. तेव्हा नवशिक्यांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. पहिली गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बार उडवू शकणारं कुठलंही पिस्तूल परवान्याशिवाय बाळगता येत नाही. मग ते आजोबांचं असो की पणजोबांचं. कलम ४५ मध्ये एक फट आहे : जुन्या घाटाचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्ती करूनही बार उडवण्याजोगं होणार नाही, ते त्या कायद्यातून सुटतं. 'दुरुस्ती करूनही' हे शब्द नीट वाचा. नुसतं गंजलं आहे एवढ्यानं भागत नाही. गंजलेला माणूससुद्धा तेलपाणी केल्यावर निवडणुकीला उभा राहतो. शिवाय शंभर वर्षं उलटली की वस्तूला १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागतो. तिचा धंदा करायला परवाना हवा आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतला माझा एक मावसभाऊ "मला पण एक पाठव" म्हणाला, त्याला मी हेच कलम पाठवलं. विकत घेण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारून यावं. मी गेलो होतो. तिथल्या हवालदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि बायकोचा फोन नंबर मागून घेतला.

दुसरी गोष्ट सनावळीची. आमच्या भागात जी जुनी वस्तू विकायला निघते ती उदगीरच्या लढाईतली असते. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगिरावर हरवलं हे खरं; पण आजवर जेवढी हत्यारं 'त्या लढाईतली' म्हणून माझ्यापुढे ठेवली गेली, तेवढी दोन्ही फौजांकडे असती तर माणसं उभी करायला जागा उरली नसती. एका विक्रेत्यानं असंच एक पिस्तूल दाखवलं. घोड्याखाली टोपी बसवायचं बोंडूक होतं. टोपीची हत्यारं एकोणिसाव्या शतकातली. १७६० साली गारगोटीची ठिणगी किंवा जळता तोडा. म्हणजे हे पेशव्यांच्या पत्रावर पिनकोड सापडण्यासारखं झालं. मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, "साहेब, तोफखाना इब्राहिमखान गारद्याचा होता. तो फ्रेंचांकडं शिकलेला. त्याच्याकडं सगळं आधी यायचं." पुढं त्या पिस्तुलाच्या मुठीवर मला चार खाचांचा स्टार स्क्रू दिसला. असले पेच १९३० नंतरचे. इब्राहिमखानाकडे सगळंच फार आधी येत असलं पाहिजे.

तिसरी गोष्ट केवायसीची. आमच्याकडे खातं उघडायला येणाऱ्याला आम्ही आधी "तुम्ही तुम्हीच कशावरून?" असं विचारतो. पिस्तुलालाही तेच विचारावं. कुणाकडून कुणाकडे आलं, कागद आहे का, छाप काय. विलायती हत्याराच्या कळीच्या पत्र्यावर मुकुट आणि खाली 'टॉवर' ही अक्षरं असतात, कंपनी सरकारच्या मालावर पुढच्या काळात आयाळवाला सिंह. पण 'टॉवर' हा छाप पर्यटकांसाठी केलेल्या नकली मालावरही सर्रास ठोकलेला असतो. तेव्हा अक्षरं बघावीत. खरी अक्षरं ओळीत उभी राहतात, नकली अक्षरं आमच्या शाखेतल्या रांगेसारखी. आणि हो, घेतलेली वस्तू घासू नये. जुनेपणाची जी काळसर कांती चढलेली असते तिचेच अर्धे पैसे असतात. मी हौसेनं पितळेचं एक दारूदान आणलं होतं. दिवाळीच्या आवराआवरीत ते पितांबरीखाली सापडलं. आता ते तांब्यासारखं लखलखतं आणि किंमतही तांब्याचीच राहिली आहे.

एवढं ज्ञान झालं तोवर माझी बदली लातूरला झाली. सोमवार ते शुक्रवार लातूर, मग अहमदपूर-लोहा करत नांदेड. बसमध्ये माणूस विचार करतो, विचारानं छंद बळावतो. शाखेत मला गुरू भेटले ते दारावरचे गार्डमामा. पंधरा वर्षं फौजेत काढलेले, बँकेची बारा बोअरची दुनळी तान्ह्या पोरासारखी सांभाळणारे. मी विषय काढला तेव्हा मामांनी एकच प्रश्न विचारला. "भरलेलं हाय का बघितलं का?"

मी हसलो. मामा हसले नाहीत. ठासणीचं हत्यार शेवटचं कुणी ठासून ठेवलं आणि उडवायचं विसरलं हे बाहेरून कळत नाही. दारू कोरडी राहिली तर ती किती साल झालं ते विचारत नाही. मग मामांनी रीत सांगितली. घोडा पडलेला, तोंड माणसांपासून दूर, जवळ विडी-काडी नाही. नळीत लाकडी काडी अलगद सोडायची, तोंडाशी खूण करायची, बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघायची. काडी रंजकाच्या कानापर्यंत पोचली तर आत काही नाही. अलीकडे थांबली तर काही तरी बसलंय. मग हात लावायचा नाही, जाणत्याला बोलवायचं.

अशात औशाकडच्या एका गावातून निरोप आला. वाड्यात पिस्तूल आहे, पंचेचाळीस हजार. रविवारी मामांच्या मोटारसायकलवर बसून गेलो.

वाडा म्हणजे अर्धा वाडा. बाकीचा १९९३ च्या भूकंपात बसलेला. तात्या पंचाहत्तरीचे, धोतर-टोपीतले. त्यांनी मखमलीच्या फडक्यातून पिस्तूल काढलं. काळं, जड, चकमकीचं. मी वडिलांच्या विळीला मनातल्या मनात निरोप दिला.

तात्यांनी केवायसी न विचारता सांगितली. अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात वाड्यात गावातली बायका-पोरं धरून तीस जीव कोंडलेले. टोळी आली. तात्यांचा आजा हे पिस्तूल रोखून एकटा माळवदावर उभा राहिला. खालच्यांनी मशाली वर करून बघितलं, काही बोलणं झालं आणि ते पुढं निघून गेले. "त्या तीस जिवांत माझी माय होती," तात्या म्हणाले. "मी पुढं दीड सालानं झालो."

विकायचं कारण नातीचं. तिचा नर्सिंगला नंबर लागलेला, फी भरायला वीस दिवस राहिलेले. ती आतून चहा घेऊन आली आणि पिस्तुलाकडे न बघता परत गेली.

मामांनी काडी सोडली. ती चार बोटं जाऊन थांबली. मामांनी हातानंच सगळ्यांना मागं सारलं. मग बाजूला बसून त्यांनी माझ्या खिशातली बँकेची टाचणी मागितली आणि कानात घातली. टाचणी तांदळाच्या दाण्याएवढी गेली आणि टेकली. पुन्हा दुसऱ्या बाजूनं. मग बॅटरी घेऊन तिरप्यानं नळीत बघितलं. आत दारू नव्हती, गोळी नव्हती. आत भोकच नव्हतं. नळी चार बोटं कोरलेली आणि पुढं भरीव लोखंड. कानसुद्धा नुसता टिंब. मी पत्र्यावरचा 'टॉवर' भिंग लावून वाचला. त्यातला एक अक्षर उलटं होतं. ही वस्तू कधीच पिस्तूल नव्हती. कुणी कधी तरी दिवाणखान्यासाठी केलेला शोभेचा ऐवज.

मामांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे आता साहेबांनी बोलायचं.

आमच्या शाखेत सोनंतारणासाठी सराफ येतात. कसोटीवर घासून एखाद्या बाईचं मंगळसूत्र खोटं निघतं तेव्हा ते 'खोटं' हा शब्द उच्चारत नाहीत. "बाई, हे घरीच असू द्या," एवढंच म्हणतात. सगळ्या कळतं ते. मी गेली कित्येक वर्षं ते वाक्य ऐकत आलो, पण आपल्याला कधी म्हणावं लागेल असं वाटलं नव्हतं.

"तात्या, हे घरीच असू द्या."

तात्यांनाही कळलं. "खरं न्हाई का?"

मी काडी दाखवली, टाचणी दाखवली. ह्यातून कधीच बार उडाला नसता, हे सांगितलं. तात्या बराच वेळ नळीत डोळा लावून बसले. मला वाटलं, म्हाताऱ्याचं पंचेचाळीस हजारांचं आणि शिवाय एका आजोबांचं नुकसान करून मी आता चहा कुठल्या तोंडानं पिणार?

"आजाला ठावं असंल का ओ हे?" तात्यांनी विचारलं.

"घरातली वस्तू. ठाऊक असणारच," मामा म्हणाले.

"म्हंजे म्हातारा असल्या भरीव लोखंडावर रातभर हुबा राहिला?" तात्यांच्या खांद्यांना कंप सुटला. मी घाबरून पाण्याचा तांब्या पुढं केला, तर ते हसत होते. डोळे पुसत त्यांनी पिस्तूल फडक्यात गुंडाळलं. "साहेब, राग मानू नका. पर आता इकायचं न्हाई."

मी म्हटलं, दहा हजार देतो. खरंच म्हटलं. ते म्हणाले, लाख दिले तरी नाही.

नातीला मी सोमवारी कागदपत्रं घेऊन शाखेत यायला सांगितलं. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, ही गोष्ट तात्यांना पटेना. सोमवारी ते नातीबरोबर आले ते पिशवी घेऊनच. दारात मामांनी पिशवी तपासली, आत मखमलीचं फडकं बघून सलाम ठोकला आणि आत सोडलं. तात्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, पैसे फिटेस्तोवर राहू द्या तुमच्या तिजोरीत.

मी पिशवी परत त्यांच्या मांडीवर दिली आणि अर्जातल्या 'तारण' ह्या रकान्यात 'निरंक' असं लिहिलं.