अक्षरांना श्वास घेऊ द्या!

सीएसएस म्हटलं की डोळ्यांसमोर रंगीत बटणं आणि हलणारी चित्रं येतात. पण १९९४ मध्ये हॉकून ली यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा पानाचं रूप ठरवण्यात वाचकाचाही वाटा त्यांनी धरला होता. पुढे हा वाचक मागे पडला.

मला तो आमच्याच खोलीत सापडला. माझा रूमपार्टनर घाटंजीकडचा. शाळा मराठी, चष्म्याचा नंबर जबरदस्त. मराठी विकिपीडियावर यवतमाळ जिल्ह्याचं पान वाचताना नाक स्क्रीनला टेकायचं. "अक्षरं एकमेकांवर चढून राहिली बे," म्हणत अर्ध्यातच सोडायचा. कंट्रोल-प्लस दाबलं तर अक्षर वाढतं, पण ओळींची दाटी त्याच प्रमाणात राहते.

आता देवनागरीचं गणित पाहा. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. 'स्फूर्ती' हा एकच शब्द घ्या! एवढा बाडबिस्तरा इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळीत कसा मावणार? इंग्रजी मथळ्यांसारखं लेटर-स्पेसिंग दिलं तर शिरोरेषाच तुटते. वादळात कवेलू उडाल्यासारखं दिसतं.

विकिपीडियावर जाहिराती नाहीत, धंदा नाही. मराठी आवृत्ती २००३ पासून हौशी हातांवर चालते. खातं उघडलं की सदस्याला 'कॉमन डॉट सीएसएस' नावाचं स्वतःचं उपपान करता येतं. त्यातले नियम फक्त त्यालाच दिसतात. पार्टनरच्या खात्यात आम्ही चारच ओळी लिहिल्या. फॉन्ट-साइझ १८ पिक्सेल, लाइन-हाइट १.८, फॉन्ट 'मुक्ता' (मुंबईच्या एक टाइपचा, फुकट मिळतो), आणि तिरपी अक्षरं सरळ. तिरपेपणा देवनागरीचा नव्हेच. बरेचदा ब्राउझर उभ्या अक्षरालाच ढकलून वाकवतो.

त्या रात्री गडी पूर्ण पान वाचून उठला. वर म्हणतो, "माझ्या गावाचं यात काहीच नाही!" आता ग्रंथालयात जिल्हा गॅझेटियर शोधून राहिला, कारण तिथे संदर्भाशिवाय लिहिलेलं टिकत नाही.

सगळ्यांसाठी बदल हवा असेल तर तो चावडीवर मांडावा लागतो. चर्चेच्या पानाला तिथे चावडीच म्हणतात, मला तर भारी आवडलं. प्रत्यक्ष बदल मोजकेच अधिकारी सदस्य करू शकतात, आणि ते बरोबरच आहे. एक चुकीची ओळ हजारो पानं बिघडवेल. मथळ्यांच्या लाइन-हाइटचा प्रस्ताव आम्ही लिहायला घेतलाय. तुमच्या स्क्रीनवर 'स्फूर्ती' कसा दिसतो, मेसमध्ये भेटून सांगा.