चित्रातली उर्दू, लिहिती उर्दू

मी मुंबईच्या उपनगरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षिका आहे. घर अंधेरीला, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. घरात कोकणी, बाजारात मराठी आणि वर्गात उर्दू, असे आमचे रोजचे जगणे. आपल्यापैकी अनेकांचे आयुष्य असेच दोन-तीन भाषांत वाटले गेले आहे. त्याचे कौतुक नको आणि तक्रारही नको. परंतु गेल्या काही वर्षांत वर्गात कम्प्युटर, प्रोजेक्टर, टॅब आणि मोबाईल आले, तेव्हा एक प्रश्न नव्याने विचारावा लागला. या यंत्रांना आमच्या मुलांची लिपी येते का?

बी.एड.ला असताना आम्ही शैक्षणिक साधनांवर पानेच्या पाने लिहिली. साधन सोपे असावे, स्वस्त असावे, मुलांच्या वयाला शोभणारे असावे. सारे खरे. पण साधन मुलाच्या लिपीत असावे, हा मुद्दा त्या यादीत नव्हता. मराठी किंवा इंग्रजी शाळेतल्या शिक्षकाला तो सुचण्याचे कारणही नाही. आम्हाला मात्र तिथूनच सुरुवात करावी लागते.

उर्दू ज्या नस्तालीक वळणात लिहितात ते वळण यंत्राला सहजासहजी वश होणारे नाही. अक्षर शेजारी कोण आहे ते पाहून रूप बदलते. शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि तिरका खाली उतरत जातो. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांत हे वळण नीट बसलेच नाही. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कित्येक दशके कातिबांच्या बोरूवर चालली. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती हाताने लिहून काढल्या, मोनोटाईप कंपनीने त्या यंत्रात बसवल्या आणि नूरी नस्तालीक तयार झाली. पुढे नव्वदच्या दशकात इनपेज आले आणि गल्लोगल्ली उर्दूचे डीटीपी सुरू झाले. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, मुशायऱ्याची पोस्टरे, सगळे त्यावरच.

पण इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांत एक अडचण होती. त्यातला मजकूर त्यातच राही. दुसरीकडे नेला की अक्षरांचा चुराडा होई. श्री-लिपीत टाईप केलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसलेल्या कम्प्युटरवर उघडून पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. युनिकोडने मराठीची ही अडचण बरीचशी सोडवली. उर्दूचीही सोडवली, परंतु आमच्या शाळांपर्यंत ती बातमी उशिरा आली. त्यामुळे आम्ही शिक्षक काय करीत होतो? प्रश्नपत्रिका छापायची, तिचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायचा.

फोटोतली भाषा मुकी असते. फोन ती वाचून दाखवत नाही, तिच्यात एखादा शब्द शोधता येत नाही, मोठी केली तर धूसर होते आणि तिच्याखाली मुलाला आपले उत्तर लिहिता येत नाही. मूल फक्त पाहते.

५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारने 'दीक्षा' सुरू केले. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. पुस्तकांच्या पीडीएफ, उर्दूतल्यासुद्धा, विनामूल्य मिळू लागल्या. पुस्तक हरवलेल्या मुलाला आता वर्षभर शेजारच्याच्या पुस्तकात डोकवावे लागत नाही, हा फायदा लहान नाही. पण त्याहीपुढे मला हवे होते ते मुलांचे लिहिणे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. माझ्या वर्गातल्या बहुतेक घरांत एकच फोन, आणि तो अब्बांच्या खिशात. ते रात्री घरी आले की अभ्यास सुरू होई. व्हिडिओला डेटा पुरत नसे. मग मी दोन-दोन मिनिटांचे आवाजी निरोप पाठवू लागले. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली. ती मराठीत, पण आमच्या कोकणी घरांतल्या मुलांना मराठी परकी थोडीच आहे? मी सांगितले, "देखो मराठी में, लिखो उर्दू में." पाण्याचे बाष्प कसे होते हे मुलांनी मराठीत पाहिले आणि वहीत उर्दूत उतरवले. हे भाषांतर नव्हते. जे समजले ते आपल्या शब्दांत मांडणे होते. कोणत्याही अॅपपेक्षा हा धडा मला अधिक मोलाचा वाटतो.

त्याच काळात मुलांना फोनवर उर्दू लिहायला शिकवले. पुष्कळ फोनवर उर्दू नस्तालीकऐवजी नस्ख वळणात उमटते. सहावीतल्या एका मुलाने विचारले, "टीचर, ये तो क़ुरआन की लिखाई है. अब फोन वज़ू करके पकड़ना पड़ेगा क्या?" मी हसले, पण प्रश्न खोटा नव्हता. मुलांच्या मनात नस्ख म्हणजे मदरशातला सिपारा आणि नस्तालीक म्हणजे शाळेतले पुस्तक. गुगलने २०१४ मध्ये 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फॉन्ट विनामूल्य दिला. कम्प्युटरवर तो घालून प्रश्नपत्रिका छापली तेव्हा मुलांना ती आपली वाटली.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर एक रिक्षाचालक पालक मुलीचा दाखला न्यायला आले. चौथी झाली होती, पाचवीला इंग्रजी शाळेत घालायचे होते. म्हणाले, "मॅडम, जमाना कम्प्युटरचा आहे. मोबाईलमध्ये उर्दू कुठे आहे?" मी त्यांचाच फोन घेतला, कीबोर्डमध्ये उर्दू जोडली आणि मुलीच्या हातात दिला. तिने आपले नाव लिहिले, मग अब्बांचे, मग धाकट्या भावाचे. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. दाखला त्यांनी नेलाच. मी त्यांना दोष देत नाही. नोकरीची चिंता एका कीबोर्डने मिटत नाही. पण उर्दू आणि कम्प्युटर यांचे जमत नाही, हे कारण तरी त्यांच्याकडे उरले नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. फोटोऐवजी मजकूर पाठवा. अरबी कीबोर्डवरून उर्दू लिहू नका. अरबीचे काफ आणि ये दिसायला उर्दूसारखेच असले तरी यंत्राच्या लेखी ती वेगळी अक्षरे आहेत, त्यामुळे शोधलेला शब्द सापडत नाही. गणिताची प्रश्नपत्रिका करताना परिच्छेदाची दिशा आधी उजवीकडून डावीकडे ठेवा आणि समीकरण वेगळ्या ओळीवर घ्या, नाहीतर कंस उलटे पडतात आणि आकडे जागा सोडतात. टाईप करणे जड जात असेल तर बोलून लिहा. २०१७ पासून गुगलच्या या सोयीत मराठीबरोबर उर्दूही आहे. आणि आईला पाठवायचा निरोप तिला वाचता येईल त्या भाषेत पाठवा. आमच्याकडच्या कित्येक आया गावी मराठी शाळेत शिकलेल्या आहेत. उर्दूतली सूचना त्यांच्या दृष्टीने बंद पाकीटच.

वाचकहो, शाळेला प्रोजेक्टर भेट देणारे दाते आपल्या समाजात आहेत, अल्लाह त्यांना बरकत देवो. पण भिंतीवर पडदा लागला म्हणजे तालीम झाली असे नाही. पडद्यावर दुसऱ्याने लिहिलेले दिसते. आमच्या मुलीने आपल्या लिपीत चार ओळी स्वतः लिहिल्या, त्या दुसऱ्याला वाचता आल्या, शोधता आल्या आणि जपून ठेवता आल्या, तर ते साधन खऱ्या अर्थाने वर्गात आले. त्याला फार पैसा लागत नाही. शिक्षकाची एक दुपार आणि घरातला एक फोन पुरतो. पुढच्या वेळी शाळेला काही द्यावेसे वाटले तर यंत्राबरोबर एवढे जरूर विचारा, की यावर मुले काय लिहिणार आहेत?