काळीवरून मोजलेली पांढरी

आमच्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात मी ज्युनिअर इंजिनिअर होतो. काळीवरून पांढरी कशी मोजतात, ते तिथंच शिकलो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. सास्तूर, राजेगाव, होळी ही गावं जागच्या जागी बसली. माणसं मेली ती मुख्यतः माळवदांखाली. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकूड आणि वर्षानुवर्षं चढत गेलेली माती. गावाच्या कडेला कुडाच्या घरात राहणाऱ्यांच्या डोक्यावर एवढं ओझं नव्हतं. गरिबीनं माणूस वाचल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

मग घरांची मापं ठरली, सातबाऱ्यावरून. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्याला ४००, त्यापुढे ७५०. जागतिक बँकेचं कर्ज, ५२ गावं नव्या जागी. जातीचा शब्द कोष्टकात कुठंही नव्हता. घरात माणसं किती, हाही रकाना नव्हता. आणि जमीन कुणाच्या नावावर नव्हती, हे मराठवाड्यात कुणाला विचारावं लागत नाही.

एका मापाची घरं एका ओळीत घेतली की ठेकेदाराला सोपं जातं. सेंट्रिंग तेच, माल तोच. एका गावचा आराखडा मी हातानं रंगवला होता. ७५० हिरवी, ४०० पिवळी, २५० लाल. नकाशा देखणा झाला म्हणून खूश होतो. बौद्ध वस्तीतले एक म्हातारे आले, लाल ओळींवरून बोट फिरवत म्हणाले, "सायब, ह्यो तर आमचा जुनाच वाडा. निस्ता सिमिटाचा क्येलाय."

पुढं शिकागोचे १९३० च्या दशकातले नकाशे पाहिले आणि ते बोट आठवलं. तिथं सरकारी संस्थेनंच काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगवल्या होत्या. लाल भागात घरकर्ज मिळणं दुरापास्त. १९६६ मध्ये त्याच शहरात घरांसाठी मोर्चा काढताना मार्टिन ल्यूथर किंग यांना दगड लागला. एप्रिल १९६८ मध्ये त्यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात घर विकताना वा भाड्यानं देताना वर्णभेद करायला बंदी घालणारा कायदा झाला. भेद त्यानं संपला नाही, पण कोर्टाची पायरी तरी मिळाली.

आपल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट आहेत. भाड्याची खोली नाही. माझ्या एका सहकाऱ्याला जिल्ह्याच्या गावी खोली पसंत पडली, भाडं ठरलं. आडनावावरून काही उमगेना म्हणून घरमालकानं चहा पाजत विचारलं, "पाव्हणे कुठले तुमचे?" उत्तर ऐकल्यावर ती खोली पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघाली.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. चांगलं झालं. मी रंगवलेल्या गावात मात्र आजही पत्ता सांगतात तो 'अडीचशेची लाइन'. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं वाढवलेलं छप्पर, त्यात तिसरी पिढी.

आराखडे मंजूर करणाऱ्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: पुढच्या वेळी घराचं माप सातबारा बघून काढू नका, रेशनकार्डावरची माणसं मोजून काढा. आणि नकाशा रंगवलात, तर तो आधी गावाच्या कडेला राहणाऱ्यांना दाखवा.