बाय, यादी भरण्याआधी

गडब, ता. पेण



परवा फोनवर तू घाईत होतीस. मला एवढंच कळलं की अमेरिकेतले इंटरव्ह्यू आटोपले आणि आता पसंतीची यादी भरायची आहे. नुसती सायकियाट्री चार वर्षं, की मेडिसिन आणि सायकियाट्री मिळून पाच? दोन्ही वेगवेगळं करायचं तर सात लागतात, म्हणजे दोन वर्षं वाचली, हा हिशेब तू पटकन सांगितलास. आणि जाता जाता म्हणालीस, "दोन्ही असलं की आईलाही लोकांना सांगायला बरं, मेडिसिनची डॉक्टर आहे म्हणून."

ते लागलं गं मला. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. एम.बी.बी.एस.ला सायकियाट्रीचं इवलंसं पोस्टिंग झालं, तेव्हा रात्री उशिरा फोन करून बोलत बसलेली तूच ना? वॉर्डातली एक बाई कुणाशी म्हणजे कुणाशी बोलत नव्हती आणि तिने तुझ्याकडे पाणी मागितलं, हे सांगताना तुझा आवाज कसा झाला होता, विसरलीस?

जोड शिक्षण वाईट असं मी म्हणत नाही. आपल्याकडे ती सोयच नाही. एम.डी.ची तीन वर्षं, ती मेडिसिनची तरी नाहीतर सायकियाट्रीची तरी. मधली जागा रिकामी राहते, आणि त्या जागेत माणसं पडतात. वॉर्डात सिस्टर म्हणून उभा जन्म काढला, म्हणून सांगते.

आजीचं आठवतं ना? त्या उन्हाळ्यात ती अंथरुणात बसून गोधडीतून न दिसणारे धागे ओढत होती, ओढून ओढून बोटाला गुंडाळत होती. मेलेल्या भावाला हाका मारत होती. शेजारणीने भगताचं नाव काढलं, तुझा बाबा ठाण्याच्या मनोरुग्णालयात न्यायला निघाला. मी आधी रक्त तपासायला लावलं. सोडियम ११४! बीपीच्या गोळीने लघवीवाटे गेलेलं. डॉक्टरांनी ते सावकाश भरून काढलं, आणि शुद्धीवर आल्यावर बाईने पहिलं काय विचारलं, तर कोळंबी कुणी निवडली म्हणून.

आणि खालच्या आळीतला तुझा काका, तुला पतंग करून द्यायचा तो? गोळ्यांनी त्याच्या कानातले आवाज थांबले. पण वजन वाढलं, साखर वाढली. दम लागतो म्हणून एके ठिकाणी नेला, तर फाईल उघडून म्हणाले, याचं मानसिक आहे. मानसिकच्या ओपीडीत म्हणाले, छातीचं दुसरीकडे दाखवा. पन्नाशी गाठली नाही त्याने. गंभीर मानसिक आजाराची माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बहुतेक वेळा कारण शरीराचं असतं, वेळेवर धरलं तर टळणारं. आपल्याच रायगडात, कर्जतला, डॉ. भरत वाटवानी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आसरा देतात, २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला त्यांना. अशा माणसाला उचलून आणलं की आधी त्याची जखम बघायची, की मन? तूच सांग.

तेव्हा काकासारख्यांसाठी पाच वर्षं घालणार असशील तर मला आनंदच आहे. सायकियाट्रीवर पांघरूण म्हणून मेडिसिन घेणार असशील, तर घेऊ नकोस. चार वर्षांवाल्यांनाही निदान चार महिने मेडिसिनसारखं शरीराचं काम आणि दोन महिने न्यूरोलॉजी असतेच, ते काही आंधळे राहत नाहीत. उलट जोड शिक्षणात काही महिने इकडे, काही महिने तिकडे. हात बसतोय तोवर वॉर्ड बदलतो. आणि ऐकून घेण्याचं काम घाईत शिकता येत नाही, बाय. दोन्ही शिकून शेवटी एकच करत राहिलेलेही पुष्कळ असतात. मग ते जादा वर्ष कुणाच्या कामी आलं?

आईची काळजी करू नकोस. तिला मी सांगते. गडबमध्ये कुणी विचारलं तर मीच छाती पुढे काढून सांगेन की आमची बाय मनाची डॉक्टर होते आहे.

यादी लावण्याआधी एवढं कर. ज्या जोड कार्यक्रमांचे इंटरव्ह्यू तू दिलेस, तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना फोन लाव. साखर आणि भास दोन्ही असलेला पेशंट एकाच खुर्चीत, एकाच डॉक्टरसमोर बसतो का, की तिथेही दोन मजले चढावे लागतात? तिथून बाहेर पडलेले आज काय करतात? उत्तर पटलं तर तेच पहिल्या नंबरावर लाव. नाही पटलं तर सायकियाट्री लाव, आणि रविवारी सावकाश फोन कर.

तुझी,
आत्या