उताराची नजर

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावात, समुद्रकाठी, एक हिमालय आहे. म्हणजे नुसते गवताचे उंचवटे. पण नाव तेच. 1867 साली तिथल्या बायकांनी आपला वेगळा गोल्फ क्लब काढला. काठी खांद्याच्या वर नेऊन सणसणीत फटका हाणणं कुलीन बाईला शोभत नाही, असा तेव्हाचा रिवाज. मग हाती उरलं काय, तर चेंडू जमिनीवरून अलगद ढकलणं. तेवढ्यावरच त्यांनी खेळ मांडला, आणि तो अजून मोडलेला नाही. मिनी गोल्फची वंशावळ सांगणारे बहुतेक इथूनच सुरुवात करतात.

पुढची पिढी आमच्या विदर्भाला जवळची वाटावी अशी. थॉमस फेअरबर्न नावाचा गृहस्थ मेक्सिकोत कापूस पिकवायचा आणि गोल्फसाठी जीव टाकायचा. तिथं हिरवळ काही धरेना. मग 1920च्या दशकात त्यानं सरकीची टरफलं कुटली, त्यात तेल, रेती आणि हिरवा रंग कालवून जमिनीवर अंथरली. सरकीचा असाही उपयोग होतो हे ऐकून वर्धा-यवतमाळचा कास्तकार कपाळावर हात मारून घेईल! अमेरिकेत लुकआउट माउंटनवर गार्नेट कार्टरनं आपल्या हॉटेलात असलंच छोटं मैदान केलं आणि त्याच्या बायकोनं त्यात परीकथांतले बुटके उभे केले. 1930 साली या खेळाचं वेड अमेरिकाभर इतकं पसरलं की न्यूयॉर्कच्या गच्च्यासुद्धा सुटल्या नाहीत. वेड ओसरलं, खेळ उरला. पुढे त्यात चाचे आले, त्यांची जहाजं आली, धबधबे आणि ज्वालामुखी आले.

तो ज्वालामुखी माझ्या आईनं पाहिला. आई एकोडीची. साकोली तालुक्यातलं आमचं गाव, धानाचं. धाकटा भाऊ अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात. पुतण्याची सुट्टी जुलैतच, म्हणून ऐन रोवणीच्या दिवसांत आई माझ्यासोबत तिकडे अडकलेली. गाडीत बसल्यापासून तिचा जीव बांधीत. पुतण्याला मात्र मर्टल बीचचे वेध. साउथ कॅरोलिनातलं हे समुद्रकाठचं गाव स्वतःला मिनी गोल्फची राजधानी म्हणवतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी डायनासोर, बुडती जहाजं, सिमेंटचे कडे. निळा रंग घातलेलं पाणी तर इतकं निळं, की कुठल्याही तळ्याला लाज वाटावी.

गावाच्या उत्तरेला हवाईयन रंबल म्हणून एक मैदान आहे. मधोमध ज्वालामुखी, ठरावीक वेळानं गडगडतो आणि तोंडातून आग फेकतो. या खेळाच्या व्यावसायिक स्पर्धाही तिथं होतात. म्हणजे हे नुसतं पोरांचं काम नाही. पुतण्यानं आजीच्या हातात बुटकी काठी दिली, धरायची कशी ते दाखवलं. भावानं, त्याच्या सवयीप्रमाणे, कोनांचा हिशेब समजावून सांगितला. आईनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि लुगडं सावरून चेंडूशेजारी उकिडवी बसली. बराच वेळ गलीकडे बघतच राहिली. मागची मंडळी खोळंबली, वहिनी संकोचली. आई उठली, गल डावीकडं सोडून भलतीकडंच हलका टोला दिला. चेंडू उंचवट्यावर गेला, रेंगाळला, मग वळण घेऊन खाली आला आणि गलीत पडला.

"आजी, हाऊ?" पुतण्या ओरडला.

"पानी जिकडं जाते, चेंडू तिकडंच जाइल, बाबू."

यात नवल नव्हतं. धानाच्या बांधीत उभं आयुष्य गेलेल्या बाईला जमिनीचा कल डोळ्यांनी मोजावा लागत नाही, तो तिच्या तळपायाला कळतो. बांधीत पाणी सगळीकडे सारखं उभं राहायला हवं. एका कोपऱ्यात जास्त झालं की पऱ्हे सडतात, दुसऱ्यात कमी पडलं की तण माजतं. धुरा कुठं फोडायचा, कुठं चिखलानं लिंपायचा, हे रोज ठरवायचं. आमच्या भागातली मालगुजारी तळी याच नजरेनं बांधलेली. दुर्बिणी नव्हत्या, नकाशे नव्हते. कोहळी लोकांनी पावसाचं वाहतं पाणी बघून पार घातली. 1950च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तळ्यांना 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असं सरकारी नाव पडलं. पण तुडुमातून, म्हणजे तळ्याच्या मोरीतून, सुटलेलं पाणी जुन्याच वाटेनं जातं. मोठमोठे गोल्फपटूही चेंडूमागे असेच उकिडवे बसतात. त्यांचं छायाचित्र छापून येतं, एवढाच फरक.

त्या ज्वालामुखीची मला कीव आली. इतका गडगडाट, इतकी आग, आणि खेळ ठरतो तो बोटभर उतारानं. सजावट करणाऱ्यांना हे ठाऊक असणारच. साहस दाखवायचं ज्वालामुखीत, कस लावायचा जमिनीत.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला जॉर्जटाउनकडे निघालो. वाटेतली ब्रुकग्रीन गार्डन्स ही मोठी बाग चार जुन्या धानमळ्यांच्या जागेवर उभी आहे. आईला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच गाडीच्या काचेला नाक लावून बसली. एकोणिसाव्या शतकात हा किनारा अमेरिकेतला धानाचा मोठा मुलूख होता. भरतीच्या वेळी नदीचं गोडं पाणी लाकडी दारांतून शेतात घ्यायचे, ओहोटीला सोडायचे. हे ज्ञान बरंचसं पश्चिम आफ्रिकेतल्या धानकऱ्यांकडून आलं; गुलाम म्हणून आणलेल्या त्या माणसांनीच दलदल उपसून बांध घातले. गुलामगिरी गेली, मग वादळं आली, धान संपलं. आता तिथं नुसते बोरू आणि बगळे.

"मजुरी काय द्यायचे?" आईनं विचारलं.

"काहीच नाही," भाऊ म्हणाला.

"आन् पानी कोन पायचं?"

"तेच."

आईनं पुढं काही विचारलं नाही. रात्री, म्हणजे एकोडीत सकाळी, तिनं काकांना फोन लावला. काकांनी विचारलं, अमेरिकेत काय काय पाहिलं. ज्वालामुखीचं तिनं एका वाक्यात उरकलं. मग खालच्या बांधीचा धुरा लिंपला का, तळ्यात पाणी किती, रोवणीला बाया किती मिळाल्या, यावर ती भावाच्या फोनची बॅटरी संपेपर्यंत बोलत राहिली.